जात कवटीत सापडली नाही

१

निलंग्याच्या ज्या महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवतो, तेथे पहिल्या वर्षाला मेंडेलचे वाटाणे शिकवावे लागतात. उंच रोप, खुजे रोप, पहिली पिढी, दुसरी पिढी, तीनास एक हे प्रमाण. दोन वर्षांपूर्वी असाच एक तास संपला. मुले डबे घेऊन बाहेर पडली. एक मुलगी मात्र बाकाशीच उभी राहिली. वर्गात ती कधी बोलत नसे.

"सर, उंची वंशानं येती, रंग वंशानं येतो. मग बुद्धी बी वंशानंच येती का? आमच्या घरात माझ्या आधी कुणीच शिकलेलं न्हाई."

मी म्हणालो, "तसं काही नसतं." ती मान हलवून निघून गेली. पण तिला उत्तर मिळाले नव्हते हे मला कळत होते. 'तसं काही नसतं' ही समजूत घालणे झाले, ते विज्ञानाचे उत्तर नव्हे. आणि समजुतीवर आमच्या लोकांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या आहेत.

तिचा प्रश्न माझ्याही घरातला होता. माझे वडील सालगडी होते. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आमच्या मांगवाड्यातली ती पहिलीच पदवी, जी मी घेतली. दहावीत असताना गणिताचे एक शिक्षक मला म्हणाले होते, "तू कष्टाळू आहेस, पण हे तुमच्या डोक्याचं काम नाही. ते रक्तात असावं लागतं." हे शिक्षक दुष्ट नव्हते. आपली जुनी पुस्तके त्यांनीच मला दिली होती. त्यांना जे सांगितले गेले तेच त्यांनी मला सांगितले, आणि ते खरे आहे असे मानूनच सांगितले. म्हणून ते वाक्य अधिक खोल गेले. शिवी माणूस विसरतो. सहानुभूतीने सांगितलेले खोटे मात्र त्याच्या आत घर करून राहते.

'रक्तात असावं लागतं' हे वाक्य गावातल्या पारावर जन्मलेले असले, तरी गेल्या दोनशे वर्षांत त्याला विद्यापीठांचा आणि प्रयोगशाळांचा शिक्का मारण्याचा प्रयत्न झाला. मोजपट्ट्या लावल्या गेल्या, कवट्या भरल्या गेल्या, नाके मापली गेली, रक्त तपासले गेले. त्या शोधात काय हाती आले, हे आपल्या वाचकांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत एक कल्पना जोरात होती. मेंदू मोठा तर बुद्धी मोठी, आणि मेंदू कवटीत असल्यामुळे कवटी मोजली की माणूस मोजला. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने निरनिराळ्या वंशांच्या शेकडो कवट्या जमवल्या. त्यांत तो आधी बिया आणि पुढे शिशाचे छर्रे भरी, आणि मग ते ओतून कवटीत किती मावते ते मोजी. १८३९ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. क्रमवारी ठरल्यासारखीच निघाली : गोरे वर, काळे खाली. कवटीचे आकारमान शरीराच्या बांध्याप्रमाणे बदलते, पुरुषाची आणि स्त्रीची कवटी वेगळी असते, या साध्या गोष्टींनी त्या क्रमवारीला कोणताच अडथळा आणला नाही.

हीच मोजपट्टी आपल्या देशात आणली हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने. बंगालमधील जाती-जमातींची त्याने १८८० च्या दशकात मापे घेतली. त्याचा सगळा भर नाकावर होता. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची, गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. नाक पन्नास मिलिमीटर उंच आणि पस्तीस मिलिमीटर रुंद असेल तर निर्देशांक सत्तर. सत्तरच्या खाली ते अरुंद नाक, पंच्याऐंशीच्या वर ते पसरट, मधले ते मध्यम. रिस्लेचा दावा असा की, जातीचा सामाजिक दर्जा जसा खाली उतरतो तसे नाक पसरट होत जाते. म्हणजे जातीची उतरंड ही वंशाची उतरंड आहे. वरचे आर्य, खालचे अनार्य. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख झाला आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार यादी लावण्याचा उद्योग झाला. मनूने जे श्लोकात सांगितले ते आता मिलिमीटरमध्ये सांगितले जाऊ लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या सिद्धांताने इंग्रजाची सोय झालीच, पण इथल्या वरच्या वर्गालाही तो सुखावणारा होता. राज्यकर्त्याशी आपले रक्ताचे नाते आहे, असे विज्ञानच म्हणते म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

३

या मोजपट्टीला उत्तर देणारा माणूस आपल्यातूनच निघाला. ते उत्तर त्यांनी कोठे शिकता शिकता घडवले, हेही पाहण्यासारखे आहे.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच विद्यापीठात त्या वेळी फ्रान्झ बोआस हे मानवशास्त्राचे प्राध्यापक होते. बोआस यांनी युरोपातून अमेरिकेत आलेल्या कुटुंबांतील जवळजवळ अठरा हजार माणसांची डोकी मोजली होती, आणि १९१२ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला होता. त्यात असे दिसले की, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार युरोपात जन्मलेल्या त्यांच्याच भावंडांपेक्षा आणि आईबापांपेक्षा वेगळा होता. हा बदल किती मोठा यावर पुढे, अगदी २००२-०३ सालीही, वाद झाले. पण डोक्याचा आकार हा वंशाचा कायमचा शिक्का आहे, या समजुतीला त्या अहवालाने मोठा तडा दिला.

९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला तो अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. आणि गोल्डनवायझर हे बोआस यांचे विद्यार्थी. या निबंधात बाबासाहेब नाकाच्या किंवा कवटीच्या वाटेला जातच नाहीत. भारतातली माणसे मिश्र आहेत, हे ते सुरुवातीलाच धरून चालतात. मग जात कशाने घडते? त्यांचे उत्तर एका शब्दाचे आहे : अंतर्विवाह. आपल्याच गटात लग्न करण्याची सक्ती. ती टिकवायची तर नवरा मेलेल्या बाईचे आणि बायको मेलेल्या पुरुषाचे काय करायचे हा प्रश्न उभा राहतो; आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या रूढी त्यातूनच येतात, असे त्यांनी दाखवले. म्हणजे जातीचे मूळ त्यांनी शरीरातून काढून लग्नाच्या मांडवात आणून ठेवले.

१९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी ही बाजू आणखी स्पष्ट केली. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा कोणता भेद आहे? मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैया यांच्यात कोणता? जात ही एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे, असे त्यांनी ठामपणे मांडले. जातीमुळे उत्तम वंश निपजतो, असे म्हणणाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. उत्तम निपज करण्याची ही रीत असेल, तर इतक्या शतकांनंतर या देशातली बहुसंख्य माणसे लष्करात घेण्याच्याही लायकीची का निघत नाहीत, असा त्यांचा प्रश्न होता.

आणि १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात त्यांनी रिस्लेची मोजपट्टीच हातात घेतली. मुंबई विद्यापीठाचे गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली आपल्या ग्रंथात रिस्लेचे आकडे पुन्हा तपासले होते. गंगेच्या खोऱ्याबाहेर पडले की दर्जा आणि नाक यांचा मेळ बसेनासा होतो, हे त्यांतून दिसले होते. संयुक्त प्रांतातला ब्राह्मण मापाने आपल्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या चुहड्याला, म्हणजे झाडूवाल्याला, अधिक जवळचा निघाला होता. बाबासाहेबांनी त्यावरून सरळ निष्कर्ष काढला. मापांवर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य, आणि अस्पृश्य अनार्य असेल तर ब्राह्मणही अनार्य. वकिली भाषेत सांगायचे तर त्यांनी विरुद्ध पक्षाच्याच साक्षीदाराची उलटतपासणी करून त्याच्या तोंडून आपली बाजू वदवून घेतली.

४

याच घुर्यांची एक विद्यार्थिनी १९२८ साली बर्लिनला गेली. इरावती कर्वे हे नाव मराठी वाचकाला 'युगान्त'मुळे ठाऊक आहे. पण त्यांची डॉक्टरेट माणसाच्या कवटीवर आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

ज्या संस्थेत त्या गेल्या, तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि वंशसुधारणा या तिन्ही गोष्टी त्या संस्थेच्या नावातच होत्या. पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाला याच संस्थेतून शास्त्राचा आधार पुरवला गेला. फिशर यांची कल्पना अशी होती की, गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो आणि म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. कवटीतला हा असमतोल म्हणजे तर्कबुद्धीची खूण. ते सिद्ध करण्याचे काम या भारतीय मुलीकडे आले.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, तशा वसाहतींतून गोळा करून आणलेल्या माणसांच्याही होत्या. निष्कर्ष असा निघाला की, कवटीच्या असमतोलाचा आणि वंशाचा काहीही संबंध नाही. परक्या देशात, आपल्या परीक्षकाचेच मत चुकीचे आहे असे प्रबंधात लिहायला धैर्य लागते. त्यांनी ते लिहिले आणि १९३० साली डॉक्टरेट घेतली.

परत आल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे काम केले. महाराष्ट्रातल्या जाती-जमातींची मापे घेत त्या गावोगाव हिंडल्या. ज्या मोजपट्टीने बर्लिनमध्ये काही सापडले नाही, ती त्यांनी खाली ठेवली नाही, हा आक्षेप त्यांच्यावर घेता येईल आणि मी तो घेतो. दारात आलेली शिकलेली बाई आपले डोके मापते आहे, तेव्हा त्या वस्तीतल्या माणसाच्या मनात काय येत असेल, याचा हिशेब त्या तक्त्यांत नाही. पण त्या मापांतून पुढे जे निघाले तेही सांगितले पाहिजे. १९६८ साली त्यांनी आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली. 'ब्राह्मण' या एका नावाखालचे हे आठ गट शरीराच्या मापांत आणि रक्तगटांत एकसारखे नव्हते. ज्याला आपण एक अखंड वर्ण समजतो, तो शरीराच्या पातळीवर अस्तित्वातच नव्हता. होते ते आपापल्यात लग्ने करणारे छोटे छोटे गट.

५

कवटी गप्प राहिली तेव्हा शास्त्र बुद्धीच्या चाचण्यांकडे वळले. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते, असे मानण्याला त्यांचा विरोध होता. पण अमेरिकेत गेल्यावर त्याच चाचणीची उतरंड झाली. पहिल्या महायुद्धात तेथे सतरा लाखांहून अधिक सैनिकांच्या चाचण्या झाल्या. काळ्यांना सरासरीने कमी गुण मिळाले, असा गाजावाजा झाला. पुढे काहींनी तेच आकडे राज्यवार मांडले. तेव्हा इलिनॉय, न्यूयॉर्क, ओहायो या उत्तरेकडील राज्यांतले काळे सैनिक हे मिसिसिपी, आर्कान्सा, केंटकी या दक्षिणेकडील राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांच्या पुढे होते. शाळा जिथे बरी, तिथे गुण बरे.

न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. अनेक देशांत पिढीगणिक बुद्धिचाचणीचे गुण वाढत चालले आहेत. तीस वर्षांत माणसाची जनुके बदलत नाहीत. बदलते ते अन्न, शाळा, घर, काम, विचार करण्याची सवय.

मग बुद्धीत आनुवंशिकतेचा काहीच वाटा नाही का? आहे. दोन माणसांच्या फरकात तो असतो, आणि तो नाकारणे हेही विज्ञानाला धरून होणार नाही. पण दोन माणसांतला फरक आणि दोन समाजांतला फरक या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. एकाच पोत्यातले तुरीचे बी घ्या. अर्धे मांजराकाठच्या काळ्या जमिनीत पेरा, अर्धे मुरमाड माळावर. प्रत्येक रानात काही झाडे उंच होतील, काही आखूड. रान तेच असल्यामुळे तो फरक बियाण्याचा. पण काळ्या रानातले सगळे पीक माळावरच्या पिकापेक्षा वर गेले, तो फरक जमिनीचा. माळावरचे पीक पाहून 'हे बीच हलके' म्हणणारा शेतकरी आपण शहाणा म्हणणार नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हाच हिशेब हजारो वर्षे चालला.

मेंदूच्या बाबतीत ही 'जमीन' फार लवकर सुरू होते. जन्मताना मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे चौथाई वजनाचा असतो. पाच-सहा वर्षांपर्यंत तो नऊ दशांशाच्या आसपास पोचतो. याच काळात मेंदूतल्या पेशींच्या एकमेकींशी असंख्य जोडण्या होतात. वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, न वापरलेल्या गळून पडतात. आईच्या पोटात असताना आयोडीन कमी पडले तर त्याचा परिणाम मुलाच्या मेंदूवर होतो. पहिल्या वर्षांत लोह कमी पडले तर लक्ष आणि शिकणे मंदावते. माझी माय सातव्या महिन्यापर्यंत खुरपत होती आणि घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजे. 'रक्तात नाही' असे गुरुजी म्हणाले तेव्हा रक्तात खरोखरच काही कमी असेल, तर ते लोह असेल. ते जातीने येत नाही, मजुरीच्या दराने येते.

आणि आपल्याकडे तर याचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते अशी मराठवाड्यातली मुले तेथे आली आणि त्यांतून एका पिढीत लेखक, प्राध्यापक, अधिकारी उभे राहिले. एका पिढीत रक्त बदलत नाही. दार उघडले गेले होते, एवढेच झाले होते.

६

आता रक्ताचीच साक्ष काढू. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या बिदर जिल्ह्यात होते. आमच्या वाडवडिलांचे शहर म्हणजे हैदराबाद. त्याच हैदराबादेत पेशी व रेणू जीवशास्त्राचे केंद्र आहे. तेथील लालजी सिंग आणि कुमारसामी थंगराज यांनी अमेरिकेतील डेव्हिड राइख यांच्याबरोबर २००९ साली देशातील २५ गटांतल्या १३२ माणसांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्या जवळजवळ सर्व गटांत दोन प्राचीन लोकसमूहांची मिसळ दिसली. प्रमाण कमी-अधिक, पण शुद्ध कोणीच नाही. २०१३ साली ७३ गटांचा अभ्यास झाला. ही मिसळ सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली आणि भिल्ल, चांभार, कल्लर यांच्यापर्यंत सर्वत्र पोचली, असे त्यात आढळले.

हा काळ कसा काढतात? गोधडी डोळ्यांपुढे आणा. दोन गटांत सोयरीक झाली की मुलांच्या जनुकांत दोन्हीकडची लांबच लांब कापडे येतात. पुढच्या प्रत्येक पिढीत ही कापडे फाटून पुन्हा जोडली जातात आणि तुकडे लहान होत जातात. तुकडे जितके लहान, तितकी सोयरीक जुनी. आणि बाहेरून नवे कापड येणे कधी थांबले, तेही त्यावरून कळते. कल्याणीच्या पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवले की, विशेषतः वरच्या मानल्या गेलेल्या अनेक जातींत ही मिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबली. एक पिढी साडेबावीस वर्षांची धरली तर हा काळ १५७५ वर्षे येतो, म्हणजे गुप्तांची राजवट.

त्याआधी माणसे एकमेकांत लग्ने करीत होती. मग कोणीतरी दार लावून घेतले. १९१६ साली एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निव्वळ तर्काने जे म्हटले होते, त्याची खूण शंभर वर्षांनी जनुकांत सापडली. अस्पृश्यतेचा उगम बाबासाहेबांनी इसवी सन ४०० च्या सुमारास धरला होता. अंतर्विवाह आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून एकीचा काळ हा दुसरीचा पुरावा असे मी म्हणणार नाही. पण दोन वेगळ्या वाटांनी माणसे एकाच काळाजवळ येऊन थांबली, ही नोंद घेण्यासारखी आहे.

लावलेल्या दाराची किंमत शरीराने मोजली. आपल्या नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत दिसणारा कोमटी म्हणजे आर्यवैश्य समाज घ्या. दोन-तीन हजार वर्षे जवळजवळ आपल्यातच लग्ने झाल्यामुळे या समाजात एका विकराची उणीव इतरांपेक्षा अधिक आढळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी जे एक औषध देतात, ते या माणसांच्या शरीरात लवकर मोडत नाही आणि श्वासाचे स्नायूही बराच वेळ निकामी राहतात. जाणकार भूलतज्ज्ञ म्हणून आधीच विचारून घेतात. दुसरीकडे नागपुरात १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी महार समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याचे दाखवले. रक्तातल्या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदलतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका.

काही लोक याला 'महारांचा आजार' म्हणू लागले. हा आजार आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे, आपल्या अनेक आदिवासी जमातींत आहे. जिथे मलेरिया होता तिथे तो टिकला, कारण दोषाची एकच प्रत असणाऱ्याला मलेरियापासून संरक्षण मिळते. हे ॲलिसन यांनी १९५४ सालीच दाखवले. मलेरियाने तो राखला आणि जातीच्या कुंपणाने तो एका जागी कोंडला. दुकानावर बसणारा आणि वेशीबाहेर ठेवलेला, दोघांनाही त्याच कुंपणाने आजार दिला. निसर्गाला वरचे आणि खालचे कळत नाही.

७

येथवर आल्यावर आपल्याच माणसांशी थोडे बोलले पाहिजे. अलीकडे आपल्या सभांतून 'ते परके, आपण मूळचे, डीएनएने सिद्ध झाले' अशी भाषा ऐकू येते. मला तिचा राग समजतो. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून लोक आले, हे २०१९ च्या संशोधनातून दिसले आहे. उत्तरेतील पुरोहित परंपरेच्या गटांत तो अंश अधिक आहे, हेही त्यात आहे. पण मिसळ सर्वांची झाली, हे सांगणाराही तोच पुरावा आहे. रिस्लेची मोजपट्टी उलटी धरली म्हणून ती आपली होत नाही. बाबासाहेबांसमोर हा सोपा रस्ता खुला होता. वंशाच्या अभिमानावर लोक गोळा करणे कठीण नव्हते. त्यांनी तो घेतला नाही, कारण जात वंशातून आली असे मान्य केले की ती मोडता येत नाही. ती रिवाजातून आली असेल तरच मोडता येते.

त्या मुलीला मी पुढे बोलावून घेतले आणि हे सारे तीन दुपारी फळ्यावर मांडून सांगितले. तुझ्या घरात आधी कोणी शिकले नाही, ही गोष्ट तुझ्या डोक्याविषयी काही सांगत नाही; ती दाराविषयी सांगते. तिने वहीत सगळे उतरवून घेतले. मग म्हणाली, "सर, म्हणजे जात फक्त लग्नातच हाय म्हणा की."

मी म्हणालो, "हो. विज्ञानाला ती तिथंच सापडली."

"मग आपल्यात तरी महार-मांग सोयरीक का होत न्हाई?"

ती बौद्ध आहे, मी मांगवाड्यातला. जयंतीला आम्ही एकाच मंचावर बसतो, एकाच ताटात जेवतो. माझे लग्न माझ्याच जातीत झाले. माय-वडिलांनी ठरवले आणि मी जीवशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर असूनही काही बोललो नाही. तिच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला दोनशे वर्षांचे संशोधन मदतीला आले. दुसऱ्या प्रश्नाला कोणतीही प्रयोगशाळा उत्तर देणार नाही. ते माझ्या घरात आणि तुमच्या घरात द्यायचे आहे, आणि माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे.